जलस्कूटरची ट्रिम यंत्रणा

जलस्कूटरच्या (जेट स्की) मागील नोझलचा कोन वर-खाली करून पुढचे नाक उचलणारी किंवा दाबणारी यंत्रणा. नोझल वर केल्यास नाक उचलते, तळाचे घर्षण घटते व संथ पाण्यावर वेग वाढतो. अतिरेक झाला की स्कूटर लाटांवर आपटत उसळते. नोझल खाली केल्यास वळणाला पकड मिळते. मागे प्रवासी बसला की नाक आपोआप उचलते, तेव्हाही नोझल खालीच हवे.

कोणती यंत्रणा घ्यावी हे पाण्यावरही ठरते. पेणलगतची धरमतर खाडी आणि रोह्याहून रेवदंड्याकडे जाणारी कुंडलिकेची खाडी, दोन्ही भरती-ओहोटीच्या व गाळाच्या. अशा पाण्यासाठी हाताने बदलायची साधी यंत्रणा बरी. तिच्यात गंजणारी मोटर व जोडण्या नसतात. वारंवार भार व वेग बदलणाऱ्याला मात्र बटणावरची विद्युत यंत्रणाच सोयीची.

इंजिन गोड्या पाण्याने धुतले तरी नोझलच्या खिळीपर्यंत ते पाणी पोचेलच असे नाही. म्हणून फेरीनंतर तिथला गाळ बाहेरून पाइपने धुवावा, खिळीला सागरी ग्रीस लावावे, नोझल हलवणाऱ्या केबलचे रबरी आवरण तपासावे. इंजिन बंद ठेवून नोझल हाताने हलवावे. खडखड जाणवल्यास खिळीभोवतीचा बुश बदलल्याशिवाय स्कूटर पाण्यात उतरवू नये.