रोज किती तास? रियाजाच्या हिशेबाची गोष्ट, व्हाया नारायणगाव

तबल्याच्या क्लासला नाव घातलेला मुलगा असो, गिटार शिकणारी कॉलेजातली मुलगी असो किंवा रिटायर झाल्यावर हौसेनं हार्मोनियम आणलेले काका असोत, सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: रोज किती वेळ वाजवायचं? उत्तरंही ठरलेली. कुणी अर्धा तास सांगतं, कुणी चार तास, आणि कुणीतरी एखाद्या उस्तादांची बारा-सोळा तासांची आख्यायिका ऐकवतं.

संशोधनाच्या दृष्टीनं मला उत्तरापेक्षा प्रश्न जास्त इंटरेस्टिंग वाटतो. ‘किती तास’ असं आपण विचारतो, म्हणजे रियाज तासांत मोजायची गोष्ट आहे हे आपण आधीच धरून चाललेलो असतो. हे कधीपासून? पीएचडीची तयारी करणाऱ्यांनी ही सवय लावून घ्यावी असं मला वाटतं. एखादा प्रश्न फार साधा वाटला, की त्यातलं मोजमाप कुठून आलं ते आधी बघायचं.

तासांच्या आधी

जुन्या तालमीत घड्याळ नव्हतं, पण मोजमाप नव्हतं असं नाही. तबल्याच्या परंपरेत ‘चिल्ला’ असतो. चाळीस दिवस बाहेरच्या जगाशी संबंध तोडून फक्त रियाज. मेणबत्ती लावून ती विझेपर्यंत एकच बोल वाजवत बसायचं, ही पद्धतही सांगितली जाते. कुणी माळेचे मणी ओढत पलटे मोजायचे. आणि रागांना तर प्रहर ठरलेलेच होते, सकाळचा राग सकाळीच घासायचा.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. मोजली जायची ती आवर्तनं, दिवस आणि प्रहर. ‘आज तीन तास झाले, उठा’ असं कुणी म्हणत नव्हतं. विद्यार्थी गुरूच्या घरीच राहायचा. पाणी भरणं, बाजार आणणं, मागे बसून तंबोरा धरणं, दुसऱ्याची तालीम ऐकणं, यातलं शिक्षण कुठे संपतं आणि घरकाम कुठे सुरू होतं ते सांगता येणार नाही. त्यामुळे त्या काळातल्या ‘रोजच्या तासांचा’ आकडा कुणी छातीठोकपणे सांगितला, तर जरा सावध व्हा. तो आकडा बहुतेक वेळा मागाहून चिकटवलेला असतो.

तास कुठून आला?

बदल ठळकपणे दिसतो तो विष्णु दिगंबर पलुसकरांच्या कामात. कुरुंदवाडला १८७२ मध्ये जन्म, मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गुरुगृही शिक्षण. म्हणजे जुनी पद्धत त्यांनी स्वतः भोगलेली होती. त्यांनीच ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. वर्ग, अभ्यासक्रम, स्वरलिपी, परीक्षा. पुढे १९०८ मध्ये मुंबईत शाळा आली. १९३१ मध्ये त्यांचं निधन झालं आणि त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आज गावोगावची मुलं प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा ज्या पायऱ्या चढतात, त्या या परंपरेतल्या.

याचा फायदा मोठा झाला. घराण्याबाहेरच्या मुलांना, मध्यमवर्गीय घरांतल्या मुलींना संगीताचं दार उघडलं. पण शाळा आली की वेळापत्रक येतं. क्लास आठवड्यातून दोन-तीन दिवस, तोही तासाभराचा. उरलेल्या दिवसांत घरी काय करायचं हा प्रश्न तिथून जन्मला. गुरूच्या घरी राहणाऱ्याला ‘घरी किती वेळ रियाज करू?’ असं विचारायची गरजच नव्हती. म्हणजे ‘रोज किती तास’ हा प्रश्न आपल्याकडे संगीताइतका जुना नाही, तो संगीताच्या शाळेबरोबर पसरला.

बर्लिनचे व्हायोलिनवादक

आता १९९३ मध्ये येऊ. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा निबंध ‘सायकॉलॉजिकल रिव्ह्यू’मध्ये आला. बर्लिनच्या संगीत अकादमीतले व्हायोलिनचे विद्यार्थी त्यांनी तीन गटांत घेतले: सर्वोत्तम, चांगले आणि संगीतशिक्षक होऊ घातलेले. प्रत्येक गटात १० जण. आजवर किती सराव केला ते आठवून सांगायला लावलं आणि आठवडाभर डायरीही लिहून घेतली.

वरच्या दोन गटांचा एकट्यानं केलेला सराव आठवड्याला सरासरी २४.३ तास निघाला, म्हणजे रोजचे साधारण साडेतीन. शिक्षक गटाचा ९.३ तास. वयाच्या १८ व्या वर्षापर्यंतची बेरीज सर्वोत्तम गटाची ७,४१० तास, चांगल्यांची ५,३०१ आणि शिक्षक गटाची ३,४२०. विशीपर्यंत सर्वोत्तम गट १०,००० च्या आसपास पोचत होता. २००८ मध्ये माल्कम ग्लॅडवेलच्या ‘आउटलायर्स’ पुस्तकानं त्याचा ‘दहा हजार तासांचा नियम’ केला आणि तो व्हॉट्सअॅपपर्यंत पोचला. ती १० माणसांची सरासरी होती, त्यात काही जण खाली होते, काही वर, हे मागे पडलं.

पुढे काय झालं तेही बघा. ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. संगीतात माणसामाणसातल्या कौशल्याच्या फरकापैकी साधारण २१ टक्के फरक अशा सरावानं उलगडत होता. हे थोडं नाही, पण सगळंही नाही. २०१९ मध्ये व्हायोलिनचा अभ्यास पुन्हा केला गेला. यावेळी प्रत्येक गटात १३ जण होते, आणि मुलाखत घेणाऱ्याला समोरचा कोणत्या गटातला आहे हे माहीत नव्हतं. ‘सर्वोत्तम’ गट सरावात ‘चांगल्या’ गटाच्या पुढे निघाला नाही. मात्र हे दोन्ही गट तिसऱ्याच्या पुढे होते.

हीच फूटपट्टी नारायणगावला

आता ही फूटपट्टी जुन्नर तालुक्यात आणू. पुणे-नाशिक रस्त्यावरचं नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड इथला. भाऊंची मुलगी विठाबाई (१९३५–२००२) लहानपणापासून फडातच वाढली आणि तमाशासम्राज्ञी झाली. आज राज्य सरकारचा तमाशातला जीवनगौरव पुरस्कार तिच्या नावानं दिला जातो.

फडाचं वर्ष शेतीसारखं चालतं. दसऱ्याच्या सुमाराला हंगाम उघडतो. पाडव्याच्या आसपास नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच यात्रेची सुपारी द्यायला येतात. चैत्र-वैशाखात जुन्नर-आंबेगावच्या गावांत एकापाठोपाठ एक यात्रा असतात. दिवसा बैलगाडे, रात्री तमाशा. पावसाळ्यात फड बंद, आणि तोच नव्या वगाच्या, नव्या लावण्यांच्या तालमीचा काळ.

अशा फडातल्या ढोलकीवाल्याला एरिक्सनची प्रश्नावली द्या. ‘एकट्यानं सराव रोज किती?’ त्याला बहुधा प्रश्नच विचित्र वाटेल. राहुटीत, ट्रकमध्ये, पन्नास-शंभर माणसांच्या गोतावळ्यात एकांत मिळणार कुठे? समजा, एका हंगामात १५० खेळ आणि एका खेळात ३ तास वाजवणं. हे आकडे मोजलेले नाहीत, हिशेब कळावा म्हणून धरलेत. हंगामाचे झाले ४५० तास, दहा हंगामांचे ४,५००. एरिक्सनच्या तक्त्यात हे सगळे तास ‘समूहात सादरीकरण’ या वेगळ्या रकान्यात जातील, आणि ज्या रकान्यावरून निष्कर्ष निघाला तिथे जवळपास शून्य उरेल. तोच ढोलकीवाला नाचणारीच्या पायांतल्या घुंगरांवर नजर ठेवून, गाणारीनं ऐनवेळी बदललेल्या जागेवर बरोबर थाप देत असतो. कौशल्य डोळ्यांसमोर आहे आणि डेटा म्हणतो सराव नाही!

मग एरिक्सन चुकला का? नाही. व्हायोलिनच्या अकादमीसाठी त्याची व्याख्या नेमकी होती. चूक होते ती आपण ती व्याख्या उचलून भलत्या ठिकाणी लावतो तेव्हा.

त्याची एक बाजू मात्र मान्य करायला हवी. नुसतं रोज काम केलं म्हणून माणूस सुधारत जातोच असं नाही. १८९७ मध्येच ब्रायन आणि हार्टर या संशोधकांनी तारखात्यातल्या शिकाऊ लोकांची प्रगती काही काळ जागच्या जागी थांबते हे दाखवलं होतं. रंगमंचावर चुकलेली जागा थांबून पुन्हा वाजवता येत नाही. म्हणून फडाकडे बघताना फक्त खेळाचे तास मोजून भागत नाही. पावसाळ्यातली तालीम, जुन्या वादकाची भुवई, दुपारी राहुटीत घासून घेतलेला एखादा तुकडा, हे सगळं धरावं लागतं. हंगामात चूक कळते, पावसाळ्यात ती दुरुस्त होते.

मग परिणामकारक सराव म्हणजे काय?

इथे दोन प्रयोग उपयोगी पडतात. १९७८ मध्ये बॅडली आणि लाँगमन यांनी ब्रिटिश पोस्टमननं टायपिंग कसं शिकावं याचा अभ्यास केला. रोज एकच तास शिकणाऱ्यांना कळपट्टी शिकायला एकूण सुमारे ३५ तास लागले. दिवसातून दोनदा दोन-दोन तास बसणाऱ्यांना सुमारे ५०. गंमत म्हणजे सगळ्यात कमी खूश होता तो एक तासवाला गट, कारण दिवस मोजले तर तेच मागे दिसत होते. आपल्याला वाटणारी प्रगती आणि खरी प्रगती वेगळी असू शकते.

दुसरा प्रयोग २००९ चा, ड्यूक, सिमन्स आणि कॅश यांचा. १७ पियानो विद्यार्थ्यांना एक छोटा अवघड तुकडा बसवायला दिला आणि दुसऱ्या दिवशी वाजवून घेतला. कोण किती वेळ बसलं, कुणी किती वेळा वाजवलं, यावरून दुसऱ्या दिवसाचा निकाल सांगता आला नाही. फरक पडला तो चुकीशी कसं वागलं त्यानं. सगळ्यात चांगले निघालेले चूक नेमकी कुठे आहे ते शोधत, तिथे लय कमी करत आणि ती जागा स्थिर झाल्यावरच पुढे जात.

शिकणाऱ्यासाठी यातून निघतं ते थोडक्यात असं. नवशिक्यानं रोज अर्धा-पाऊण तास, पण रोज. रविवारी चार तास बसून आठवड्याची भरपाई होत नाही. वेळ वाढवायचा तर तुकडे करून, मध्ये विश्रांती घेऊन. बर्लिनचे चांगले वादकसुद्धा दुपारी झोप काढायचे. बसण्याआधी आज कोणती एक जागा दुरुस्त करायची ते ठरवा. चुकलं की पहिल्यापासून सुरू करू नका, त्या दोन मात्रांवर थांबा, लय अर्धी करा. मन उडालं की उठा, कारण चुकीचं घोटलेलं पुसायला दुप्पट वेळ जातो.

एकांत कुणाला परवडतो?

शेवटी एक गोष्ट, जी मला या सगळ्या आकड्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. २५ मार्च २०२० ला गुढी पाडवा होता आणि त्याच दिवशी देशभर लॉकडाउन सुरू झाला. ऐन सुपाऱ्यांच्या दिवसांत फड बंद. यात्रा रद्द झाल्या, पुढच्या वर्षीही तेच. ज्याच्याकडे स्वतःची खोली, वाद्य आणि पगार होता त्याला त्या काळात रियाजाला वेळच वेळ मिळाला. फडातल्या वादकाचा रियाज, कमाई आणि शाळा एकाच दिवशी बंद झाली, कारण त्याच्यासाठी या तीन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच.

म्हणून ‘एकट्यानं केलेले तास’ हे मोजमाप दिसतं तितकं निरागस नाही. त्यात खोली, फुरसत आणि दुसऱ्या कुणाची तरी कमाई गृहीत धरलेली असते. मोठ्या गवयांच्या रियाजाच्या कथा ग्रंथांत आल्या. ज्यांच्या नावातच जात लिहिलेली होती त्या फडांतल्या ढोलकी-हलगीवाल्यांच्या वाट्याला ‘उपजत आहे हो त्यांच्यात’ एवढं एक वाक्य आलं. उपजत म्हटलं की कष्ट पुसले जातात. नोंद नाही याचा अर्थ रियाज नव्हता असा होत नाही.

तुमच्यापैकी कुणी उद्या या विषयावर मुलाखती घ्यायला जुन्नर-आंबेगावात उतरलं, तर प्रश्नावलीतला पहिला प्रश्न ‘रोज किती तास?’ ठेवू नका. ‘चुकलं की कोण सांगायचं, आणि मग तुम्ही काय करायचात?’ असा ठेवा. याचं उत्तर व्हायोलिनवाला देऊ शकतो, पियानोवाला देऊ शकतो आणि ढोलकीवालाही देऊ शकतो. तिघांनाही एकाच तक्त्यात बसवायचं असेल, तर रकाना असा हवा की ज्यात तिघंही मावतील.