दोन बिलं आणि एक सेवा

आजचा इतिहास दोन बिलांतून सांगतो.

दिल्लीत एकदा मी हॉटेलचं आणि हॉस्पिटलचं बिल शेजारी ठेवून पाहिलं. हॉटेलच्या बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ अशी वेगळी ओळ होती. हॉस्पिटलच्या बिलात खोली, औषधं, डॉक्टरांच्या भेटी, सगळं होतं. रात्रभर जागलेल्या सिस्टरची ओळ मात्र नव्हती.

१९४६ साली भोर समितीनं नोंदवलं, की देशात ४३,००० लोकांमागे एक नर्स आहे. एवढ्या टंचाईत पगार चढायला हवा होता. पण नर्सच्या कामाला आपण पुण्य म्हटलं, आणि पुण्याचा भाव कोण विचारणार?

२०१६ पासूनच्या सातव्या वेतन आयोगात केंद्र सरकारच्या नर्सचं सुरुवातीचं मूळ वेतन ४४,९०० रुपये झालं. खासगी नर्सचा प्रश्न सुप्रीम कोर्टात होता. कोर्टानं २९ जानेवारी २०१६ रोजी समिती नेमायला सांगितलं. समिती म्हणाली: दोनशेहून जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार द्या, पन्नासहून कमी असतील तरी २०,००० रुपयांच्या खाली जाऊ नका. दिल्ली सरकारनं जून २०१८ मध्ये तसा आदेश काढला. खासगी हॉस्पिटलांची संघटना त्याविरुद्ध हायकोर्टात गेली आणि जुलै २०१९ मध्ये हरली.

आता तुलना पाहा. ऑक्टोबर २०१९ मध्ये दिल्लीत कुशल कामगाराचं किमान वेतन १७,९९१ रुपये ठरलं. हॉटेलातला कुशल कामगारही त्यातच आला. म्हणजे तीन-चार वर्षं शिकलेली छोट्या हॉस्पिटलातली नर्स त्याच्यापुढे फक्त २,००९ रुपये! आणि दिल्लीचा आदेश दिल्लीपुरता. मेट्रोनं गुरुग्राम किंवा नोएडाला उतरलात, की राज्य बदललं.

मग सिस्टरलाही टिप द्यावी का? मुळीच नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानं सांगितलं, की सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही, ग्राहकाच्या मर्जीचा आहे. वेटरच्या मिळकतीचा तो भाग आज असा अधांतरी आहे.

एकीला पुण्यावर ठेवलं, दुसऱ्याला मर्जीवर. घरभाडं मात्र दोघांनाही पहिल्या तारखेला रोखच द्यावं लागतं.