हिरडा : जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातील एक व्यापार

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेस घाटमाथ्यावर पाऊस उदंड पडतो. परंतु उतारावरील मुरमाड मातीचा थर पातळ असल्याने ते पाणी टिकत नाही, आणि दसऱ्यानंतरच्या दीर्घ कोरड्या काळात तग धरणाऱ्या वृक्षांत हिरड्याचे स्थान मोठे आहे. महादेव कोळी कुटुंबांनी तो शेताच्या बांधांवर आणि मालकीच्या उतारांवर पिढ्यान्‌पिढ्या राखला, यामागे श्रद्धेपेक्षा त्याच्या फळाचा पैसा हेच कारण अधिक खरे मानावे लागते.

हे मोल प्रामुख्याने टॅनिनचे, म्हणजे कातड्यातील प्रथिनांशी बांधले जाऊन त्याचे न कुजणारे चामडे करणाऱ्या तुरट द्रव्यांचे होते. इंग्लंडात हे काम ओकची साल करी, पण सालीसाठी झाड तोडावे लागे; हिरड्याचे फळ मात्र झाड उभे ठेवून दरवर्षी वेचता येई, त्यामुळे एकोणिसाव्या शतकात वाळलेला हिरडा भारतातून मोठ्या प्रमाणावर निर्यात होऊ लागला. त्याच्या प्रतींना जबलपूर, वेंगुर्ले अशी नावे मिळाली, आणि वेंगुर्ले तर फळ पिकण्याची जागा नव्हे, बंदर. फळ ज्या डोंगरात पिकले त्याचा उल्लेख व्यापाराला आवश्यक वाटला नाही.

पुढे क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची पद्धत रूढ झाली आणि हिरड्याचा भर औषधांकडे सरकला. आता अधिक भाव बाळहिरड्याला, म्हणजे आठळी धरण्यापूर्वी, पावसाळ्याआधी उतरवून उन्हात वाळवलेल्या कोवळ्या फळाला, मिळतो. भाव मात्र वेचणाऱ्याच्या हाती कधीच नव्हता. खाजगी व्यापाऱ्यांच्या पकडीवर उपाय म्हणून 1976 च्या कायद्याने आदिवासी क्षेत्रात एकाधिकार खरेदी, म्हणजे शासनाने नेमलेल्या संस्थेनेच माल घेण्याची पद्धत, आणली आणि ते काम आदिवासी विकास महामंडळाकडे आले. त्याआधीच, 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत हिरडा असल्याने, स्वतःच्या बांधावरचे झाडही परवानगीवाचून तोडता येत नव्हते.

झाडाला असे संरक्षण देणाऱ्या शासनाने त्याच्या उत्पन्नाला पिकाचा दर्जा दिला नव्हता, हे 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर उघड झाले. दोन्ही तालुक्यांत हिरड्याची झाडे उन्मळली आणि बहर गेला. तरी नुकसानभरपाईच्या निकषांत हिरडा बसत नसल्याने शेतकऱ्यांना त्यासाठी दीर्घकाळ आंदोलन करावे लागले.