गुटेनबर्गचा खटला : कर्ज की भागीदारी?

छपाईच्या कलेचा इतिहास सांगताना जर्मनीतील मेंझ शहरच्या योहान गुटेनबर्गचे नाव प्रथम घेतले जाते. धातूचे सुटे टाइप, तेलाची शाई आणि दाबयंत्र यांच्या जोरावर त्याने बायबलच्या सुमारे १८० प्रती छापल्या. परंतु या शोधामागे पैसा कुणाचा होता आणि त्या पैशापायी काय घडले, हा भाग आम्हाला अधिक विचार करण्याजोगा वाटतो.

इ. स. १४५० च्या सुमारास गुटेनबर्गने योहान फुस्ट नावाच्या धनिकाकडून ८०० गुल्डन शेकडा ६ व्याजाने घेतले. यंत्रसामग्री तारण ठेवली. पुढे फुस्टने आणखी ८०० गुल्डन दिले, ते 'पुस्तकांच्या कामा'साठी, म्हणजे दोघांच्या सामाईक धंद्यासाठी. टाइप ओतायचे, कागद आणायचा, कारागिरांची मजुरी भागवायची. आणि पुस्तक विकले जाईपर्यंत हाती दमडी यायची नाही. १४५५ मध्ये, बायबलचे काम तडीस जाण्याच्या सुमारास, फुस्टने दावा लावला. मुद्दल आणि व्याज मिळून मागणी होती २०२६ गुल्डनची.

या खटल्याचा ६ नोव्हेंबर १४५५ चा दस्तऐवज उपलब्ध आहे. गुटेनबर्गचे म्हणणे असे, की दुसरी रक्कम सामाईक कामात खर्च झाली. तिचा हिशेब देईन, व्याज देणे लागत नाही. फुस्टचे म्हणणे, मी स्वतःच व्याजाने पैसे काढून याला दिले. न्यायालयाने गुटेनबर्गला हिशेब मांडायला सांगितले. जे दोघांच्या फायद्यासाठी खर्च झाले नाही ते परत करायचे. आणि आपण पैसा व्याजाने आणल्याचे फुस्टने शपथेवर सांगितल्यास ते व्याजही भरायचे. फुस्टने तशी शपथ घेतली. १४५७ मध्ये जे सुंदर स्तोत्रग्रंथ निघाले त्यांवर फुस्ट आणि त्याचा सहकारी पीटर शोफर यांची नावे आहेत. गुटेनबर्गचे नाव एकाही छापील पुस्तकावर नाही.

दोष कुणाचा हे ठरवण्याचा आमचा उद्देश नाही. फुस्टनेही मोठी जोखीम घेतली होती. घोटाळा झाला तो एकाच धंद्यात कर्ज आणि भागीदारी यांची सरमिसळ झाल्यामुळे.

इस्लामी व्यापारपरंपरेत या दोहोंमधली रेषा फार आधीच आखली गेली होती. मुदारबतीत एकाचा पैसा आणि दुसऱ्याचे श्रम व अक्कलहुशारी असते. हजरत खदीजा (रजि.) यांच्या मालावर पैगंबरसाहेबांनी (स.) केलेला व्यापार याच रीतीचा मानला जातो. नफ्याचे प्रमाण, निम्मे किंवा एकतृतीयांश, आधीच ठरते. ठरावीक रकमेची हमी देता येत नाही. कारागिराची कसूर नसताना तोटा आला तर पैसा मालकाचा बुडतो, कारागिराची मेहनत बुडते.

पुढे इंग्लंडमध्ये जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनाची कथा याच वळणाने गेली. डॉ. रोबक यांनी वॉटची देणी आणि पेटंटचा खर्च उचलून दोनतृतीयांश हिस्सा घेतला. १७६९ मध्ये पेटंट मिळाले. १७७३ मध्ये रोबक यांचे दिवाळे निघाले. पण तो हिस्सा होता, कर्ज नव्हे, म्हणून वॉटवर जप्ती आली नाही. रोबक यांच्याकडून येणे असलेल्या पैशाच्या बदल्यात मॅथ्यू बोल्टन यांनी तो हिस्सा घेतला आणि १७७५ मध्ये २५ वर्षांची भागीदारी केली. खर्च बोल्टन यांचा, नफा दोनास एक. गिऱ्हाइकांशीही त्यांनी हिस्स्याचाच करार केला : जुन्या इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एकतृतीयांश द्यायचा.

आज आपल्या वस्त्यांतही यंत्राशी झटापट करणारे हुन्नरी तरुण आहेत. नातलग, दोस्त त्यांना पैसे देतात. 'घरचाच माणूस' म्हणून कागद होत नाही, आणि धंदा चालू लागला किंवा बुडाला की नाती तुटतात. कुरआनातली सर्वांत लांब आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, याचे आम्हाला येथे स्मरण होते. पैसा हातात घेण्यापूर्वी दोनच प्रश्न विचारावेत : हे कर्ज आहे की हिस्सा? आणि तोटा आला तर तो कुणाचा? यांची उत्तरे कागदावर आली, तर निदान न्यायालयात शोधावी लागणार नाहीत.