नागपूर–भंडारा रोड प्रवासी रेल्वे : विस्तार आणि विद्युतीकरण

कारधा हे भंडारा तालुक्यातील गाव वैनगंगेच्या पूर्व तीरावर, भंडारा शहराच्या समोर आहे. नागपूर–रायपूर राष्ट्रीय महामार्ग (क्र. 53, पूर्वीचा क्र. 6) इथे नदी ओलांडतो आणि पवनी–निलजकडे जाणारा रस्ता इथूनच फुटतो. भंडाऱ्याच्या पुराचा अंदाज कारधा पुलाजवळच्या पाणीपातळीवरून बांधतात. रस्त्यांच्या इतक्या मोक्याच्या जागी असूनही कारध्याला रेल्वे नाही. खरे तर ती भंडारा शहरालाही नाही. जिल्ह्याच्या ठिकाणाचे स्थानक ‘भंडारा रोड’ हे शहरापासून सुमारे 10 ते 12 किलोमीटरवर, वरठी येथे आहे. नागपूरला नोकरी, शिक्षण आणि दवाखान्यासाठी अप-डाऊन करणाऱ्यांची या भागातील रेल्वे कशी वाढवावी, हा प्रश्न म्हणूनच वरठीच्या फलाटाइतकाच कारध्याच्या पुलाचाही आहे.

रेल्वेची ही आखणी एकोणिसाव्या शतकातली. नागपूर–छत्तीसगढ रेल्वेचा मीटरगेज मार्ग 1880 च्या दशकात राजनांदगावपर्यंत गेला. छत्तीसगढचे धान्य बाहेर काढणे हा त्यामागचा मुख्य हेतू होता. 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल–नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केला आणि पुढे हाच मुंबई–हावडा मुख्य मार्गाचा भाग झाला. मार्ग भंडारा शहराच्या उत्तरेने गेला. त्याने वैनगंगा ओलांडली तीही वर, तुमसर रोड स्थानकापलीकडे माडगीजवळ. रस्त्याचा पूल एकीकडे आणि रेल्वेचा दुसरीकडे, ही तफावत त्या वेळची आहे. मालगाडीला तिची झळ कधीच लागली नाही; रोजच्या प्रवाशाला अजून लागते.

विद्युतीकरणाचे काम येथे केव्हाच उरकले आहे. नागपूर–गोंदिया–दुर्ग पट्ट्यावर 1990 च्या सुमारास 25 केव्ही एसी प्रणालीच्या तारा टप्प्याटप्प्याने आल्या. प्रवासी वाहतुकीत त्याचा खरा फायदा मेमू गाडीला होतो. साध्या पॅसेंजरमध्ये एकच इंजीन सगळे डबे ओढते. मेमूत कर्षण मोटारी गाडीतल्या ठरावीक डब्यांखालीच बसवलेल्या असतात, त्यामुळे ती लवकर वेग घेते आणि दोन्ही टोकांना चालकाची केबिन असल्याने शेवटच्या स्थानकावर इंजीन फिरवावे लागत नाही. नागपूर ते भंडारा रोड या साधारण 62 किलोमीटरच्या वाटेत इतवारी, कळमना, कामठी, कन्हान, सालवा, चाचेर, तारसा, रेवराल, खात अशी स्थानके आहेत. इतक्या ठिकाणी थांबून पुन्हा निघायचे, तेव्हा प्रत्येक थांब्यावर वाचलेले अर्धे मिनिटही मोलाचे ठरते.

पण वाचलेली मिनिटे गाडीच्या पदरात पडतातच असे नाही. या मार्गावर छत्तीसगढचा कोळसा व पोलाद यांची वाहतूक अखंड चालते. खात किंवा रेवरालसारख्या लहान स्थानकात लोकल लूपवर (बाजूच्या रुळावर) घेतली, की समोरच्या मुख्य मार्गावरून सुमारे अठ्ठावन्न वाघिणींची मालगाडी जाऊ द्यायची, तिच्यामागे एखादी एक्सप्रेसही काढायची, आणि सिग्नल मिळाला की मग लोकलने निघायचे. त्यापुढे कळमना आणि नागपूर यांमधली कोंडी. वेळापत्रकात पाच गाड्या वाढवणे सोपे. त्यांना रुळावर जागा देणे अवघड. रेल्वेच्या भाषेत या जागेला ‘पाथ’ म्हणतात, आणि येथे टंचाई आहे ती त्याचीच.

त्यामुळे या भागाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे 2015–16 मध्ये मंजूर झालेला 228 किलोमीटरचा राजनांदगाव–कळमना तिसरा मार्ग. त्याचे तुकडे टप्प्याटप्प्याने वापरात येत आहेत. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गोंदिया–डोंगरगड या 84 किलोमीटरच्या चौथ्या मार्गालाही मान्यता दिली, मात्र तो भंडाऱ्याच्या पूर्वेकडे आहे. जादा मार्ग का लागतात, हे मुंबईत दिसते. तिथे 1925 साली देशातली पहिली विजेची गाडी धावली, तरी उपनगरी सेवा वाढत गेली ती जलद व धिम्या गाड्यांसाठी आणि बाहेरगावच्या गाड्यांसाठी वेगळे मार्ग टाकल्यामुळे. ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका 2022 मध्ये सुरू झाली तीही त्याच गरजेतून. उलट पुणे–लोणावळा लोकल 1978 पासून मुख्य मार्गावरच धावते, म्हणून तिच्या फेऱ्यांची मागणी आणि तिसऱ्या-चौथ्या मार्गाची मागणी नेहमी जोडीने पुढे येते. भंडारा रोडची जात पुण्याचीच.

जुलै 2018 मध्ये रेल्वे, राज्य शासन आणि नागपूर मेट्रो चालवणारी महामेट्रो यांच्यात ‘ब्रॉडगेज मेट्रो’साठी सामंजस्य करार झाला. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी या कल्पनेचा सातत्याने पाठपुरावा केला. नागपूरहून वर्धा, नरखेड, रामटेक आणि भंडारा रोड या चार दिशांना, रेल्वेच्याच विद्युतीकृत रुळांवरून, महामेट्रोच्या वातानुकूलित गाड्या चालवायच्या, असा तो प्रस्ताव. नवा उन्नत मार्ग नाही, भूसंपादन जवळजवळ नाही. म्हणून कागदावर तो स्वस्त दिसतो. त्याची मेख दुसरीकडे आहे. वर्धा व नरखेड या शाखा मध्य रेल्वेकडे, तर रामटेक व भंडारा रोड दक्षिण पूर्व मध्य रेल्वेकडे. त्यातही रामटेक आणि भंडाऱ्याच्या गाड्या इतवारी–कन्हान हा तुकडा वाटून घेतात. रूळ कोणाचे, गाडी कोणाची, उशिराची जबाबदारी कोणाची, यांची उत्तरे आधी लागतात. शिवाय वातानुकूलित गाडीचे भाडे मासिक पासवाल्याला परवडेल का, हा प्रश्न तांत्रिक अहवालात तळाशी जातो आणि फलाटावर सर्वांत वर येतो. नागपूर मेट्रोच्या डिसेंबर 2022 मध्ये मंजूर झालेल्या दुसऱ्या टप्प्यात प्रजापतीनगरची मार्गिका भंडारा मार्गाने पुढे जाते, पण कापसीच्या ट्रान्सपोर्टनगरपर्यंतच.

राहिला स्थानकापासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा. वरठीहून जवाहरनगरच्या आयुध निर्माणीकडे मालवाहतुकीसाठी टाकलेला फाटा भंडारा शहराजवळून जातो. प्रवासी सेवेसाठी त्याचा विचार नव्या मार्गाआधी व्हायला हवा. कारध्याच्या माणसाला मात्र तो फाटा सुरू झाला तरी पूल ओलांडावाच लागेल. ऑगस्ट 2020 अखेरच्या महापुरात भंडाऱ्याच्या परिसराची वाहतूक विस्कळीत झाली तेव्हा पुलावरचे हे अवलंबित्व उघड झाले. एरवी नदीपलीकडच्या पहेला, अड्याळ बाजूच्या प्रवाशाला एसटी किंवा काळीपिवळीने आधी कारधा–भंडारा आणि तिथून पुन्हा वरठी गाठावी लागते. इतकी उतर-चढ करण्यापेक्षा तो सरळ महामार्गाने नागपूरची बस धरतो. म्हणून गाड्यांच्या वेळेला जोडून कारधा–भंडारा–वरठी अशी थेट एसटी सुरू करणे, हे या साऱ्या आराखड्यातले सर्वांत कमी खर्चाचे काम आहे आणि त्यासाठी तिसऱ्या मार्गाची वाट पाहण्याचे कारण नाही.