रोल्स-रॉइसने ओझी वाहिली, ती कचऱ्याची नव्हेत

अलवरच्या महाराजांनी अपमानाचा सूड म्हणून रोल्स-रॉइस गाड्या कचरा वाहण्यास जुंपल्या, ही कथा आपण अनेकदा वाचली असेल. तिला समकालीन कागदपत्रांचा आधार मात्र कोणी दाखवीत नाही. या गाड्यांनी प्रत्यक्षात वाहिलेली ओझी याहून अवघड होती. (थ्रेड)

१८१७ साली सीताबर्डीच्या लढाईत तोफा ओढल्या त्या जनावरांनी. शतकभराने, १९१४ मध्ये, ब्रिटिश नौदलाच्या हवाई शाखेने धनिकांच्या 'सिल्व्हर घोस्ट' मोटारीच्या सांगाड्यावर पोलादी पत्रे, फिरता बुरूज आणि व्हिकर्स मशीनगन चढविली. वजन चार टनांपलीकडे गेले. स्प्रिंगा मजबूत केल्या, मागे जोडचाके बसविली. सहा सिलिंडरांचे, सुमारे साडेसात लिटरचे इंजिन मात्र तेच राहिले. संथ गतीतही भरपूर ओढ देणारे हे यंत्र श्रीमंतांना नीरवतेसाठी हवे होते. वाळूत तोच गुण कामी आला.

मार्च १९१६. लिबियाच्या वाळवंटात बीर हाकीम येथे 'तारा' या बुडालेल्या जहाजाचे खलाशी सनुसींच्या कैदेत उपासमारीने खंगत होते. ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरच्या चिलखती मोटारी रुग्णवाहिकांसह शंभराहून अधिक मैल तुडवीत तेथे पोहोचल्या आणि सुमारे नव्वद जण सुटले. पहारेकरी मारले गेले. गौरवकथांत हे सहसा येत नाही.

पुढे लॉरेन्सनेही हेजाझमध्ये याच गाड्यांतून पेट्रोल आणि स्फोटके वाहिली.

अशी एक चिलखती सिल्व्हर घोस्ट अहिल्यानगरच्या (अहमदनगर) रणगाडा संग्रहालयात आहे. सीताबर्डीहून वाट लांबची आहे खरी, पण जोडचाके जवळून पाहण्यासारखी आहेत.