मनसरची मँगनीज कंपनी : एका लोपलेल्या वैभवाची नोंद

नागपूरहून रामटेकच्या श्री शांतिनाथ भगवंतांच्या दर्शनास जाणारे श्रावक मनसर येथे जबलपूरचा हमरस्ता सोडून वळतात. याच मनसरच्या टेकड्यांवर सव्वाशे वर्षांपूर्वी एका विलायती कंपनीचा अंमल सुरू झाला.

इ. स. १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटची स्थापना झाली. १९०० च्या सुमारास मनसर भागात मँगनीजचे खाणकाम सुरू झाले. पुढे सिंडिकेटचे रूपांतर सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनीत झाले. पोलादनिर्मितीस मँगनीज अपरिहार्य असते. १९०५ च्या क्रांतीने रशियातील पुरवठा विस्कळीत होताच भाव चढले. मनसर, कांद्री, सातक, लोहडोंगरी येथील टेकड्या पोखरल्या गेल्या. स्त्री-पुरुष मजूर खनिज फोडीत, हाताने निवडीत, टोपल्यांनी वाहून नेत. ते परदेशी पोलाद कारखान्यांकडे रवाना होई. १९०८ मध्ये भाव कोसळले आणि १९३० नंतरच्या मंदीत पुन्हा अवकळा आली. येथील चूल पेटणार की नाही, हे सातासमुद्रापलीकडची बाजारपेठ ठरवीत असे.

१९६२ मध्ये कंपनीची मालमत्ता घेऊन ‘मॅंगनीज ओअर इंडिया’ अर्थात मॉईल स्थापन झाली. उर्वरित ४९ टक्के भागही १९७७ मध्ये शासनाकडे आले. मनसर व कांद्रीच्या खाणी आजही चालू आहेत. विलायती कंपनीचा थाट मात्र इतिहासजमा झाला.

भूशास्त्रज्ञ फर्मोर यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बृहद्ग्रंथात येथील मँगनीजयुक्त खडकास गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ असे नाव आढळते. समाजाचे नाव शिळेला मिळाले. पण ती शिळा फोडणाऱ्या हातांपैकी किती नावे आज आपणांस सांगता येतील?

संपत्ती अनित्य आहे, ही आपल्या धर्माची शिकवण. परंतु अनित्य असणे निराळे आणि विस्मृतीत टाकणे निराळे. कारंजा येथील शास्त्रभांडारांतील पोथ्या आपणांपर्यंत आल्या, कारण कोणीतरी त्या लिहिल्या, कोणीतरी जपल्या. सुवर्णमहोत्सवी वर्षात न्यासाच्या जुन्या वह्या, इतिवृत्ते व छायाचित्रे जतन करताना दानशूरांच्या नामावलीसोबत मंदिराचा पाया खणणाऱ्यांची, दगड घडविणाऱ्यांची व पाणी भरणाऱ्यांची नावेही वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावीत. शताब्दीच्या स्मरणिकेस तीच खरी शिदोरी ठरेल.